निवडलेली रेती

मी एका बाईला गावातून उठवलं. तिनं माझं काहीही वाकडं केलं नव्हतं. ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितलेली नाही. नातवंडांच्या पाटीवर अक्षरं गिरवायला शिकले ती पन्नाशी उलटल्यावर, आणि तेव्हापासून हे लिहून ठेवावं असं मनात होतं. सांगण्यापेक्षा लिहिणं मला सोपं वाटलं, कारण कागद मध्येच तोंडाकडे बघत नाही.

आमचं गाव रिसोडपासून तीन कोसांवर, पैनगंगेच्या अलीकडे. गावाच्या खालच्या अंगाला तळं आणि तळ्याच्या काठी आमचं एकच कुंभाराचं घर. मी लग्न होऊन तिथं आले तेव्हा सासरे नव्हते. घरधनी, सासू आणि मी, एवढीच माणसं. चाक घरधन्यांचं. तळ्यातला काळा गाळ आणायचा, भिजवायचा, नदीची रेती आणि घोड्याची लीद मिसळून पायांनी तुडवायचा, ही कामं सासूची आणि माझी. चाकावरून भांडं उतरलं की ते जाड आणि बसकं असायचं. मग आतून दगडी गोटा धरून बाहेरून लाकडी थापीनं ठोकत ठोकत त्याची घागर करायची, तीही आम्हीच. पण चाकाला हात लावायचा नाही. बाईच्या हातानं चाक बाटतं असं सासू म्हणायची. लग्नसराईत गावातल्या बाया वाजतगाजत येऊन त्या चाकाला हळदकुंकू लावायच्या, तेव्हा मात्र आम्हीही लावायचो. तेवढा एक दिवस सासूची मान ताठ असायची.

सासू कडक होती. माझ्या हातची घागर उचलून ती बोटाच्या पेरानं वाजवायची आणि आवाज पसंत पडला नाही तर तिथंच खाली सोडून द्यायची. "घे, पुन्हा मळ," म्हणायची. पाच वर्षांत तिनं माझ्या कामाला एकदाही बरं म्हटलं नव्हतं. मूलबाळ झालं नव्हतं, तेही ती ठोकण्याच्या नादातच ऐकवायची.

अशात एका हिवाळ्यात ते कुटुंब आलं. नवरा, बायको, आठ-नऊ वर्षांची पोर आणि तीन गाढवं. मंगरूळपीरच्या बाजूनं आले होते. तिकडं त्यांचं तळं फुटलं आणि गाळ वाहून गेला, म्हणून गाव सोडलं असं त्यांचं म्हणणं. पाटलानं त्यांना तळ्याच्या पलीकडच्या काठाला झोपडी घालू दिली.

"कुंभार हायेत म्हंते," घरधनी संध्याकाळी म्हणाले.

"चाक कुठंय त्यायचं?" सासूनं विचारलं.

"चाक नाई. हातानंच घडवते ते. हातघडे."

सासू हसली. "मंग कुंभार कायचे? चुली थापणारे हायेत."

पण आठच दिवसांत गावातली माणसं त्या काठाला जाऊन उभी राहू लागली. मीही गाळ आणायच्या निमित्तानं गेले. ती बाई रांजण घडवत होती. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल. काळी, उंच, हाताची हाडं रुंद. जमिनीवर राख पसरून तिनं रांजणाचा बुडखा ठेवला होता आणि त्याच्या काठावर मातीची जाड वळी चढवत ती त्याच्याभोवती उलट्या पावलांनी फिरत होती. डावा हात आत, उजवा बाहेर. एक फेरी, दोन फेऱ्या, आणि काठ बोटभर वर यायचा. मग ओलं फडकं घालून ती थांबायची, खालचं जरा सुकू द्यायची. असा एकेक रांजण आठ-आठ दिवस चालायचा. पुरा झाला तेव्हा तो तिच्या छातीला लागत होता आणि त्याच्या पोटाचा गोल कुठंही खाली-वर झालेला नव्हता. आमच्या घरात एवढं मोठं भांडं कुणी कधी केलं नव्हतं. चाकावर ते होतच नाही.

"चाकाबिगर गोल कसा येते वो?" मी विचारलं. कौतुकानं नाही, खोचकपणेच.

तिनं मान वर केली नाही. "तुमचं चाक फिरते. आमच्यात मी फिरतो," ती म्हणाली.

मला त्याचा राग आला. आजही नीट सांगता येत नाही, का आला. तिनं टोमणा मारला नव्हता, होतं ते सांगितलं होतं. पण पाच वर्षं ज्या चाकाला हात लावायची मला बंदी होती, ते या बाईला लागतच नव्हतं.

मग भांडणं सुरू झाली. त्यांची गाढवं आमच्या बाजूला चरायला आली की सासू काठी घेऊन धावायची. एकदा तिनं एका गाढवाचा पाय असा ठेचला की ते पुढं लंगडतच राहिलं. त्यांची पोर पाणी भरायला आली तर मी आमच्या बाजूच्या दगडावर तिला उभी राहू देत नसे. ती बाई भांडायला यायची नाही. पोरीला हाक मारून बोलावून घ्यायची, एवढंच. तिचं ते न भांडणं मला जास्तच झोंबायचं.

रिसोडच्या वाटेवर एक टांगेवाला चाचा राहायचा. त्याच्या दोन घोड्यांची लीद वर्षानुवर्षं आमच्या घरी यायची. लीद मिसळली की माती भट्टीत तडकत नाही, आणि गावात दुसरे घोडे नव्हते. त्या उन्हाळ्याच्या तोंडाला मी टोपली घेऊन गेले, तर तबेला साफ झाडलेला.

"लीद कुठं गेली चाचा?"

"वो ले गई," त्यानं तळ्याकडं हात केला. "मेरे घोडों के लिए पाणी का रांजण बना के दिया उसने. आता तिले नाई म्हणू का मी?"

"इतक्या वर्साची आमची लीद तिले देता?"

"बाई, घोडे माहे हायेत," चाचा शांतपणे म्हणाला. "अर्धी तुमची, अर्धी तिची. मंजूर असन तर उद्या ये."

मी अर्धी लीद आणली नाही. रिकामी टोपली घेऊन घरी आले आणि सासूला जे घडलं त्याच्या दुप्पट करून सांगितलं. त्या बाईनं चाचाला आमच्याविरुद्ध भरवलं, आमची माती हलकी आहे असं ती सांगत फिरते, असंही सांगितलं. तिनं तसं काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. घरधनी चाकावर बसले होते. म्हणाले, "अर्धी तं अर्धी, आनाची होती." सासूनं त्यांना गप्प केलं.

खरा घाव बसला तो अखाजीच्या आधी. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघरी पितरांच्या नावानं नवी घागर भरून पूजतात. त्या घागरी गावाला आमच्याच घरून जायच्या. सासरे, त्यांचे वडील, सगळ्यांनी दिल्या. दर साली त्या आम्ही डोक्यावर घेऊन घरोघर पोचवायचो आणि सुपात धान्य घ्यायचो. त्या साली पाटलाच्या घरी गेल्या हिवाळ्यात म्हातारे वारले होते. त्यांची पहिली अखाजी. पाटलीणबाईंनी सासूला दारातच सांगितलं, "यंदा तिकडूनच घेतो आमी. रांजण लय गार पाणी देते तिचा. घागरीबी करून द्याले तयार हाये ते." आणि पाटलानं घेतलं म्हणून अर्ध्या गावानं तिथंच सांगून ठेवलं.

सासू घरी येऊन भिंतीला टेकून बसली. रडली नाही. मला म्हणाली, "तुह्या हातात काई असतं तं ही पाळी आली नसती."

आमच्या भागातल्या मातीत चुनखडीचे खडे असतात. कुंभाराचं ते वैरी. खडा मातीत राहिला तर भांडं नीट भाजून निघतं, खणखणीत वाजतंही. पण आत खड्याचा चुना झालेला असतो. त्याला ओल लागली की तो फुगतो आणि आतून भांड्याची खपली उडवतो. सासऱ्यांच्या वेळी एक अख्खी भट्टी अशी गेली होती, ते सासू नेहमी सांगायची. म्हणून रेती सुपात घेऊन पांढरा खडा निवडून टाकायचा, हे मला आल्या आल्या शिकवलेलं पहिलं काम. तीच विद्या मी वापरली.

दोन दिवस मी खडे गोळा केले. सासू शेजारच्या वाडीला गेली असताना पाट्यावर ते वाटले. पीठ नाही केलं, पीठानं काही होत नाही. जाड रव्याएवढं ठेवलं. तिसऱ्या दिवशी ते कुटुंब गाढवांवर माल घालून शिरपूरच्या बाजाराला गेलं. भर दुपारी मी पदरात तो चुरा घेऊन तळ्याला वळसा घालून गेले. झोपडीमागं निवडलेल्या रेतीचा ढीग गोणपाटाखाली झाकलेला होता. इतकी स्वच्छ रेती मी कधी निवडली नव्हती. गोणपाट काढलं, चुरा टाकला, दोन्ही हातांनी खालवर केला आणि पुन्हा जसं होतं तसं झाकलं. माझा हात थांबला नाही. मी घाबरलेही नव्हते. परत येताना मला हलकं वाटत होतं, हे मी खोटं का लिहू?

संध्याकाळी सासूनं पाटा धुवायला घेतला. त्याच्या खाचांमध्ये पांढरं बसलं होतं. तिनं बोट फिरवलं, माझ्याकडं बघितलं आणि पाटा धुऊन टाकला. जेवताना तिनं भाकरीवर लोण्याचा गोळा मला आधी वाढला. पाच वर्षांत पहिल्यांदा. मी तो खाल्ला.

त्यांच्या घागरी भाजून निघाल्या त्या लाल, देखण्या, वाजवल्या की टणटणणाऱ्या. अखाजीच्या आदल्या दिवशी त्या घरोघर गेल्या. सणाच्या दिवशी सकाळी घागरी भरल्या आणि दुपारपर्यंत गावभर बोभाटा झाला. कुणाच्या घागरीच्या पोटावरून नखाएवढ्या खपल्या उडाल्या, कुणाची झिरपून पाटावरची रांगोळी वाहून गेली. पाटलाच्या घरी नैवेद्य दाखवताना म्हाताऱ्यांच्या नावाची घागर उभी चिरली आणि पाणी सगळ्या पानांखालून गेलं. पहिल्याच अखाजीला पितर पाण्याविना परत गेले, असं पाटलीणबाई ओरडत अंगणात आल्या.

माणसं काठ्या घेऊन तळ्याकडं निघाली. सासूही निघाली, म्हणून मीही गेले. त्यांच्या दारात सहा रांजण सुकत उभे होते. त्यातले पाच जमावानं काठ्यांनी फोडले. कच्चं भांडं फुटताना आवाज मोठा येत नाही, ओल्या मातीसारखं ते बसतं. सहावा पाटलाच्या गड्यानं लाथेनं पाडला. नवरा हात जोडून उभा होता. पोर गाढवाच्या मागं लपली होती. ती बाई मात्र कुणाकडं बघत नव्हती. कुणीतरी तिच्या अंगावर फेकलेली घागरीची खापरी तिनं उचलली, खपली उडालेल्या जागी नख घातलं आणि नखावर आलेला पांढरा कण जिभेला लावला.

"हा चुना हाये," ती म्हणाली. "मी रेती निवडून घेतली होती."

"मंग आला कुठून?" पाटलाचा गडी म्हणाला. "आभायातून?"

ती वळली. झोपडीमागं गेली. मला माहीत होतं ती कुठं गेली ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या दारात आली. एकटीच. ओंजळीत रेती होती. घरधनी चाकावर होते, सासू माती तुडवत होती. बाईनं रेती उंबऱ्यावर ठेवली.

"ह्यात वाटलेला चुनखडा हाये," ती म्हणाली. "कडा धारदार हायेत. नदीचा खडा गोल असते. हे कुंभाराच्या मानसाचंच काम हाये, दुसऱ्याले हे माहीतच नाई."

"आमाले कायले सांगतं?" सासू म्हणाली. "आमच्या कुळात चाक हाये. असले धंदे करत नसतो आमी."

"तुमाले नाई इचारत," बाई म्हणाली आणि तिनं माझ्याकडं वळून बघितलं. "हिले इचारतो. चाकाले हात लावून सांग, तू नाई टाकलं म्हणून."

सासू म्हणाली, "बाईमाणूस चाकाले हात लावत नाई." पण घरधन्यांनी चाक थांबवलं. त्यांनी हात पुसले आणि बाजूला सरकले. "लावू दे," ते म्हणाले.

मी पुढं झाले. चाकाची कड ओली आणि गार होती. मी तळहात टेकवला आणि म्हणाले, "चाकाची आण, मी नाई टाकलं." मला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. ती बाई उंबऱ्यावरची रेती तिथंच ठेवून निघून गेली. चार दिवसांनी चाचाच्या टांग्यात त्यांचं चंबूगबाळं गेलं. गाढवं मागं मागं. लंगडं गाढव सगळ्यांत शेवटी.

मला वाटलं, आता आपलं पूर्वीसारखं सुरू होईल. झालं नाही. चाचानं लीद देणं बंद केलं, अर्धीसुद्धा. विचारलं तर म्हणायचा, "खेत में डालता हूँ." गावानं आमच्या घागरी घेतल्या, पण प्रत्येक बाई घेताना नखानं खरडून बघायची. मातीच्या भांड्याचा काही नेम नाही, हे बोलणं त्या अखाजीपासून गावात रुजलं, आणि ते हातघड्यांचं की चाकाचं, हा फरक कुणी केला नाही. पाटलानं पितळी हंडा आणला. बाकीच्यांनी त्याच्या मागं जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, भांड्यांचा बाजार धरला. रांजण करणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून पाण्याला पत्र्याची पिंपं आली. उन्हाळ्यात त्यातलं पाणी तापायचं, तरी लोक तेच प्यायचे. आमच्याकडं उरली ती पोळ्याची बैलं, संक्रांतीची सुगडं आणि घरांच्या छपरांची कवेलू, आणि मग टिनाचे पत्रे आल्यावर कवेलूही गेली.

घरात सासू माझ्याशी गोड वागू लागली होती. तिच्या माहेरच्या माणसांसमोर ती माझी तारीफ करायची. ती गोडी मला सहन होत नसे. मी तिला उलट उत्तरं द्यायला लागले, मग आमची कडाकडा भांडणं व्हायची, आणि मला त्यातच बरं वाटायचं. घरधन्यांनी मला एकदाही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मी निवडलेली रेती त्यांनी मातीत घातली नाही. मी सूप भरून ठेवायची आणि ते ती रेती घेऊन पुन्हा स्वतः निवडायला बसायचे. माझ्यासमोर, उन्हात, खडा न् खडा. पुढं आम्हाला दोन मुलं झाली, संसार झाला, हसणंबोलणंही झालं. रेती मात्र ते स्वतःच निवडत राहिले. सासू मेली त्या वर्षी मी म्हणाले, "आता तरी ठेवा विश्वास." ते म्हणाले, "कायचा?" आणि सूप पुढं ओढलं.

पुष्कळ वर्षांनी, लढाईतल्या टंचाईच्या दिवसांत, मी धाकट्याला घेऊन शिरपूरच्या जत्रेला गेले होते. देवळाकडं जाणाऱ्या वाटेवर भांड्यांची दुकानं मांडलेली. एका कडेला चार रांजण उभे दिसले आणि मला पोटाचा गोल बघूनच कळलं. ती बसली होती. केस पिकलेले, हात तसेच. शेजारी एक जवान बाई गिऱ्हाइकाशी बोलत होती, तीच ती पोर असणार. नवरा दिसला नाही.

मी जाऊन समोर उभी राहिले. तिनं लगेच ओळखलं.

"तो चुनखडा मीच टाकला होता," मी म्हणाले. एवढं बोलायला मला इतकी वर्षं लागली होती आणि ते एका दमात संपलं.

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "तवाच माहीत होतं."

"मंग बोलली काहून नाई? मी आण घेतली तवा?"

"तू निर्दोष असती तं माह्याशी भांडली असती. मले शिव्या देल्या असत्या. तू सरळ उठून हात ठेवला." तिनं रांजणाच्या काठावरची धूळ फडक्यानं पुसली. "आन मी बोलली असती तरी ऐकणार कोण होतं? गावात मी चार महिन्याची."

मी म्हणाले, "माफी मागाले आली मी."

"इथं रांजण भेटते," ती म्हणाली. "दुसरं काई नाई भेटत."

"मंग एक रांजण दे."

"तुले नाई देत."

तिची पोर आमच्याकडं बघू लागली होती. "कोण हाये वो माय?" तिनं विचारलं. बाई म्हणाली, "कोणी नाई. वाट इचारून राह्यली." आणि मागच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "या दादा, वाजवून पाहा."

मी तिथून निघाले. धाकटा रेवड्यांसाठी हट्ट करत होता, त्याला घेऊन दिल्या. मोटारीच्या अड्ड्यावर बसले तेव्हा मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो रागच. तिचा राग आला. तिनं मला शिवी द्यायला हवी होती, माझ्या अंगावर खापरी फेकायला हवी होती. घरी पोचेपर्यंत तो राग उतरला नव्हता, आणि तो खरा माझ्यावरच आहे हे मला पुढं कितीतरी दिवसांनी उमगलं.

संध्याकाळी घरधन्यांना जेवायला वाढताना मी म्हणाले, "जत्रेत ती भेटली. रांजणवाली."

त्यांचा घास हातात थांबला. कोण, कुठली, असं त्यांनी विचारलं नाही.

"अजून घडवते काय?" त्यांनी विचारलं.

"घडवते. पोरगीबी शिकली."

"बरं झालं," ते म्हणाले आणि जेवू लागले. मी तिच्याशी काय बोलले, ती काय म्हणाली, यातलं त्यांनी मला पुढं कधीच काही विचारलं नाही.